वामेंग थाओचा पुतण्या

वामेंग थाओ भाजी विकायचा. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराच्या शनिवारच्या बाजारात मधल्या रांगेच्या टोकाला त्याचं टेबल असे. कारली, गवती चहा, राईची पालेभाजी आणि करंगळीएवढ्या जहाल मिरच्या. एखादं गोरं गिऱ्हाईक कारलं उलटसुलट करून विचारी, "याचं काय करायचं?" वामेंग आपल्या मोजक्या इंग्रजीत सांगे, "बायको रागावली की खायचं. मग बायको गोड लागते."

शेजारी उलट्या बादलीवर बसलेली ब्लिया, म्हणजे त्याची बायको, जुड्या बांधता बांधता म्हणे, "आणि परीक्षेत नापास झाल्यावर काय खायचं, तेही सांगा त्यांना."

परीक्षा म्हणजे नागरिकत्वाची. ब्लिया पहिल्याच खेपेला पास झाली होती. वामेंग पुन्हा पुन्हा बसला आणि पुन्हा पुन्हा पडला. एकदा अधिकाऱ्याने विचारलं, या राज्याचा प्रमुख कोण? तर याने थाओ कुळाच्या म्होरक्याचं नाव ठोकून दिलं. "मग चुकलं काय? भांडण झालं की आम्ही त्याच्याकडेच जातो. राज्याचा प्रमुख आमचं भांडण मिटवायला आलाय कधी?" हे त्याचं म्हणणं शेवटपर्यंत कायम होतं. पुढे लाओसच्या लढाईत अमेरिकेच्या बाजूने लढलेल्या हमोंग जमातीच्या माणसांना, वामेंगसारख्या पोरवयात बंदूक धरलेल्यांनाही, दुभाष्या घेऊन परीक्षा द्यायची मुभा मिळाली, तेव्हा कुठे तो नागरिक झाला. तोवर फुए, त्यांचा मुलगा, वयात येऊन, शिकून, नोकरीलाही लागला होता.

युनिव्हर्सिटी रस्त्यावर माझं हिशेबाचं ऑफिस आहे. शपथ देऊन कागदावर शिक्का मारण्याचा परवानाही माझ्याकडे आहे. आजूबाजूची दुकानं बहुतेक हमोंग लोकांची, त्यामुळे त्यांची भाषा कामापुरती येऊ लागली आणि थाओंचा कर भरता भरता त्या घरातलं माणूस झालो. वामेंग मला 'भाऊ' म्हणायचा. कधी रिकाम्या हाताने आला नाही. कर भरायच्या महिन्यात भाजी नसते, तर उकडलेल्या कोंबडीचं औषधी पाल्यांचं कालवण डब्यात घेऊन यायचा आणि मी संपवेपर्यंत समोर बसायचा.

त्याला तीन मुली आणि एक मुलगा. मुली लग्न होऊन दुसऱ्या कुळांत गेल्या. हमोंग माणसाला मुलीच्या घरी मरायचीही सोय नसते, त्या घरचे देव वेगळे. म्हातारपण काढायचं ते मुलाकडे, मेल्यावर अंघोळ घालायची ती मुलाने, आणि पुढे सणासुदीला नाव घेऊन जेवायला बोलवायचं तेही त्यानेच. फुए शाळेची बस चालवायचा. स्वभावाने गरीब. आईबाप त्याच्याच घरात राहत. मुलगा एकच, पण सोन्यासारखा, असं वामेंग दहा जणांत सांगायचा.

मग ब्लिया आजारी पडली. डॉक्टरांना काही सापडेना. जेवण जात नव्हतं, आणि डोळा लागला की तिला दारात एक माणूस दिसे, ओला, अंगावरून पाणी गळणारा. तो आत येत नसे आणि जातही नसे. देवऋषीला बोलावलं. त्याने कौल लावायला म्हशीच्या शिंगाची दोन शकलं जमिनीवर टाकली, पुन्हा टाकली आणि विचारलं, "साय च्यूचं क्रियाकर्म कुणी केलं का?"

घरातल्यांपैकी कुणीच केलं नव्हतं.

साय च्यू हा वामेंगचा थोरला भाऊ आणि ब्लियाचा पहिला नवरा. लाओस सोडून पळताना मेकाँग नदी ओलांडायची होती. बांबू एकत्र बांधून त्यावर ब्लिया आणि तिच्याजवळ तान्हा फुए. रडून त्याने सगळ्यांना मारू नये म्हणून त्याला अफूचं बोट चाटवलेलं. दोघे भाऊ पाण्यात राहून बांबू ढकलत होते. मागून गोळीबार झाला. थायलंडच्या काठाला लागले तेव्हा ढकलणारा एकच भाऊ होता.

निर्वासितांच्या छावणीत वर्ष गेल्यावर वडीलधाऱ्यांनी वामेंगचं भावजयीशी लग्न लावून दिलं. त्यांच्यात अशीच रीत आहे. दिराने घरात घेतलं नाही तर बाई दुसऱ्या कुळात जाते आणि भावाचं मूलही नाव बदलून परकं होतं. वामेंगचं तेव्हा मिसरूडही धड फुटलं नव्हतं. छावणीतल्या कारकुनाने विचारलं, "मुलं किती?" वामेंग म्हणाला, "एक मुलगा." तो खोटं बोलला नव्हता. भावाचा मुलगा म्हणजे आपलाच मुलगा, त्यांच्या भाषेत दुसरं काही म्हणतच नाहीत. कारकुनाने बापाच्या जागी वामेंगचं नाव लिहिलं आणि तोच कागद त्यांच्याबरोबर अमेरिकेत आला. फुएला ही हकिगत ठाऊक होती. घरात ती कुणी लपवली नाही आणि कुणी काढलीही नाही.

देवऋषी म्हणाला, "तो अजून तिथेच काठावर उपाशी बसला आहे. त्याच्या मुलाने तिथे जाऊन त्याला जेवायला बोलवायला हवं. इथून हाक पोचणार नाही."

"जाईल की," वामेंग लगेच म्हणाला. "फुए जाईल. भात घेऊन जाईल, कोंबडी तिथे मिळते."

फुएने पासपोर्टसाठी अर्ज केला. आई नागरिक, बाप नागरिक, आपण लहानपणी आलेलो, म्हणजे आपणही नागरिक, असं तो आयुष्यभर धरून चालला होता. अर्ज परत आला. त्याच्यासारख्यांना लागू असलेल्या जुन्या कायद्याप्रमाणे मुलाच्या अठराव्या वर्षाच्या आत आई आणि बाप दोघेही नागरिक झालेले असायला हवेत. आई वेळेत झाली होती. बाप उशिरा झाला होता.

त्या दिवसापासून ब्लियाने परीक्षेवरून टोमणा मारणं बंद केलं. वामेंगला तेच जास्त लागलं. माझ्याकडे येऊन म्हणाला, "भाऊ, बोलत नाही ती. बोलली असती तर बरं झालं असतं. मी दोन ओळी पाठ केल्या असत्या तर आज हा गेला असता."

फुएला स्वतः नव्याने नागरिकत्व मागता आलं असतं, पण तरुणपणी तळ्याकाठी झालेल्या एका मारामारीचा खटला त्याच्या नावावर होता. ग्रीन कार्डावर, म्हणजे नुसत्या रहिवासाच्या परवान्यावर, देशाबाहेर पडला असता तर परत आत घेतील याची कुणी हमी देईना. आणि ब्लिया तर दिवसेंदिवस वाळत चालली होती.

माझ्या ऑफिसच्या दोन दारं पलीकडे एका वकिलाकडे माइ नू शियोंग नावाची मुलगी काम करते. इथेच जन्मलेली, चटपटीत, पण घरच्या रीती जाणणारी. तिघेही तिच्याकडे गेले आणि भाषेला मदत म्हणून मलाही ओढून नेलं, जणू तिला हमोंग येत नव्हतं. खरं कारण वामेंगला एकट्याने कचेरीत पाऊल टाकायची भीती वाटायची हे होतं.

माइ नूने सगळं ऐकून घेतलं. मग देवऋषी नेमकं काय म्हणाला ते पुन्हा विचारलं.

"म्हणजे फुएदादांचे जन्मदाते वडील नदीत गेले?"

"हो," ब्लिया म्हणाली.

"आणि हे तुमचे दीर."

"नवरा आहे माझा."

"हो मावशी, आता नवरा. पण तेव्हा दीर." माइ नू खुर्ची पुढे घेऊन बसली. "मग वाट आहे. बाप मेलेला असेल तर एकटी आई वेळेत नागरिक झाली तरी पुरतं. आई झाली होती. फुएदादा नागरिक आहेतच, सोळाव्या वर्षापासून. फक्त कागदावर बापाच्या जागी चुकीचं नाव आहे."

"चुकीचं कसं?" फुए म्हणाला. "बाप जिवंत आहे. हा काय इथे बसलाय."

"मला कळतं दादा. पण कायद्याला..."

"कायद्याला सांग, मला ताप आला की पाठीवर घेऊन कोण बसायचं ते."

"गप रे," वामेंग म्हणाला. "ती बरोबर बोलते आहे. मुलगा साय च्यूचा आहे. मी सांभाळला." मग तिला विचारलं, "कुठे अंगठा करायचा?"

"अंगठा नको काका, सही चालेल."

"सही येते मला. परीक्षेत तेवढंच बरोबर आलं होतं."

ब्लियासुद्धा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

तीन शपथपत्रं झाली. एक ब्लियाचं, एक वामेंगचं आणि एक त्या काठावर त्या वेळी असलेल्या म्हाताऱ्याचं, तो शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातून नातवाच्या गाडीतून आला. शपथ मीच दिली. माइ नू एकेक ओळ इंग्रजीत वाचून हमोंगमध्ये सांगत होती. 'मी फुए थाओचा पिता नाही. मी कधीही त्याचा पिता नव्हतो.'

वामेंगने हात वर केला. "कधीही नव्हतो, असं लिहिलंय?"

"कायद्याने काका. तसं लिहावं लागतं."

"ठीक आहे. आणि मग खाली काय लिहिलंय?"

"हे खोटं निघालं तर तुरुंगवासाची शिक्षा होऊ शकते."

"कुणाला? मला की त्याला?"

"तुम्हाला. आणि त्याचा पासपोर्टही काढून घेतील."

माइ नूने खरं तेच सांगितलं. वामेंगने ते ऐकलं, मान हलवली आणि मी विचारल्यावर स्पष्ट "हो, शपथेवर सांगतो" म्हणाला. सही करताना प्रत्येक अक्षर उचलून ठेवावं तशी त्याने केली. फुए खिडकीकडे तोंड करून उभा होता.

बाहेर आल्यावर फुए म्हणाला, "चला बाबा, नूडल खाऊ."

वामेंगने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका म्हण."

"काय?"

"काका म्हण. आताच शपथ घेतली ना मी? रस्त्यात बाबा म्हणालास, कुणी ऐकलं, गेलं सगळं."

"बाबा, इथे कोण ऐकायला बसलंय?"

"छावणीतही असंच वाटायचं. तिथे एकाने विहिरीवर भावाला भाऊ म्हटलं आणि कागदावर मेहुणा निघाला. सगळं कुटुंब परत नदीपलीकडे पाठवलं. मी पाहिलंय. तू काका म्हण."

आम्हाला वाटलं, दोन दिवसांत उतरेल. उतरलं नाही. घरातही तो ऐकेना. 'बाबा' म्हटलं की ऐकूच आलं नाही असा बसून राहायचा. भाताचं भांडं पुढे सरकवायला सांगितलं तरी हलायचा नाही, 'काका' म्हटल्यावर सरकवायचा. नातवंडांनी विचारलं, आम्ही काय म्हणायचं, तर जरा विचार करून म्हणाला, "आजोबा चालेल. ते सख्ख्यालाही म्हणतात आणि चुलत आजोबालाही." बाजारात ओळखीच्या गिऱ्हाइकांना फुएकडे बोट दाखवून मुद्दाम सांगू लागला, "माझा पुतण्या." ते म्हणायचे, अहो, इतकी वर्षं मुलगा होता ना? तो म्हणायचा, "माझं इंग्रजी कच्चं. चुकून सांगत होतो."

मुलींनी समजावलं. कुळातल्या वडीलधाऱ्यांनी समजावलं. माइ नू तर त्याच्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, "काका, घरात काय म्हणता याच्याशी सरकारचा काही संबंध नाही. मी लिहून देते." त्याने तिला मिरच्यांची पिशवी दिली आणि म्हणाला, "पोरी, तू फार हुशार आहेस. पण तू छावणी पाहिली नाहीस."

पासपोर्ट आला. निळा, कोरा. वामेंगने हात धुऊन तो घेतला आणि पानं उलटली. "बापाचं नाव कुठे आहे?"

"नसतं," फुए म्हणाला. "यांच्या पासपोर्टात बापाचं नाव लिहीतच नाहीत."

"बरं आहे," वामेंग म्हणाला आणि पुस्तक त्याच्या हातात परत दिलं.

फुए नदीवर जाऊन आला. तिथलं त्याने मला नंतर सांगितलं. काठावर आता हॉटेलं आहेत, बोटी भाड्याने मिळतात. त्याने वाळूत केळीचं पान मांडलं. भात, उकडलेली कोंबडी आणि दारूचा एक पेला ठेवला. कागदी नोटा जाळल्या. मग हाक मारायची वेळ आली. "कुणाला काय म्हणून हाक मारू तेच कळेना भाऊ. त्या माणसाचा चेहरा मला ठाऊक नाही. तोंडातून बाबा शब्द निघाला आणि डोळ्यांपुढे आला तो इथला, टेबलामागे बसलेला. तरी तीनदा मारली हाक. मोठ्याने मारली, तिथे मला कुणी अडवणारं नव्हतं."

घरी परतल्यावर वामेंगने पहिला प्रश्न विचारला, "जेवला का तो?"

"जेवला. शिंगाची शकलं टाकली. एक उताणं पडलं, एक पालथं."

"पहिल्याच वेळी?"

"पहिल्याच वेळी."

वामेंग गुडघे चोळत खाली बसला. "भुकेचा कच्चाच होता लहानपणापासून," म्हणाला. ब्लियाला त्या आठवड्यात जेवण जाऊ लागलं. तो ओला माणूस पुन्हा दिसला नाही.

मग फुए म्हणाला, "झालं सगळं. पासपोर्ट हातात आहे, जाऊन आलो. आता बाबा म्हणू ना?"

"हा किती वर्षं चालतो?"

"दहा."

"मग पुन्हा काढायचा असेल ना? तेव्हा पुन्हा तपासतील." आणि अंगणात भाजीच्या रोपांना पाणी घालायला निघून गेला. फुए त्याच्यामागे गेला नाही. त्या दिवसापासून त्याने वाद घालणं सोडलं आणि काका म्हणू लागला. पुढेपुढे तर ते सवयीने तोंडात बसलं. वामेंगला मात्र दर वेळी ते ऐकताना मी पाहिलंय. 'ओ' देण्याआधी तो अर्धा क्षण थांबायचा.

करोनाच्या साथीच्या वर्षी, थंडी पडायला लागली तेव्हा, त्याच्या छातीत भरलं. इस्पितळात नेलं. चार दिवसांत डॉक्टरांनी बोलावून सांगितलं की आता काही हाती नाही. त्या दिवसांत कुणालाच आत सोडत नव्हते, पण शेवटच्या घटका मोजणाऱ्यासाठी थोडी सवलत होती, बायको आणि मुलं, तीही एका वेळी दोघंच. ब्लिया आणि फुए अंगावर निळे झगे आणि तोंडाला पट्ट्या लावून आत गेले. धाकटी मुलगी पा कू खाली थांबली होती.

पलंगापाशी नर्सने यादीवर खूण करण्यासाठी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मुलगा," फुए म्हणाला.

वामेंगचे डोळे मिटलेले होते. ते उघडले. त्याने हात उचलला, प्राणवायूचा मुखवटा बाजूला ओढला, आणि इंग्रजीत म्हणाला, "पुतण्या. भावाचा मुलगा."

यंत्र वाजू लागलं. नर्सने घाईने मुखवटा बसवला. तो पुन्हा काढायला निघाला, कारण तिने यादीवर काही लिहिलं नव्हतं. "पुतण्या," तो मुखवट्याच्या आतून म्हणाला. त्याला दम पुरत नव्हता. नजर फुएवर होती आणि ती भेदरलेली होती.

ब्लिया रडत आपल्या भाषेत म्हणाली, "अहो, कुणी नाही ऐकत. सोडा आता."

नर्सने फुएकडे पाहिलं. "सर, नक्की काय आहे? पुतण्यांना परवानगी नाही."

फुएने मला सांगितलं की मुलगा आहे हे पटवायला एक मिनिट पुरलं असतं. आई शेजारीच होती. पण त्या एका मिनिटात म्हाताऱ्याने आणखी दोनदा मुखवटा काढला असता.

"हो," फुए म्हणाला. "पुतण्या. माफ करा."

वामेंगचा हात खाली आला. फुएने त्याच्या पायावरून पांघरूण सारखं केलं आणि तो बाहेर पडला. त्याच्या जागी पा कू वर गेली.

तो इस्पितळाच्या आवारात गाडीत बसून राहिला. काचेवर बर्फाचे बारीक कण साठत होते. तासाभराने ब्लियाचा फोन आला. श्वास फार लांबलांब घेतायत, म्हणाली, कानाशी धरते, बोल काहीतरी, ऐकू जातंय त्यांना.

"मग मी बोललो भाऊ," फुए मला म्हणाला. तो नेहमीप्रमाणे कराचे कागद घेऊन आला होता, आणि आमच्या मधे साथीच्या दिवसांतली प्लास्टिकची काच होती. "गाडीत एकटाच होतो. काहीही म्हणता आलं असतं. पण ते दचकले असते."

"काय म्हणालास?"

"म्हटलं, काका, मी खालीच आहे. काका, सगळं व्यवस्थित आहे, कागद सगळे बरोबर आहेत, तुम्ही झोपा." त्याने तोंडावरच्या पट्टीच्या वर डोळे पुसले. "आई म्हणाली, त्यांनी मान हलवली. आणि मग झोपले."